बसणाऱ्याला बरोबर

राजेंची गाडी चार माणसांची होती आणि तीत पाच जण कोंबले होते, त्यामुळे भांडायला कोणालाच लांब जावं लागत नव्हतं.

पुढे राजे स्टिअरिंगवर. त्यांच्या शेजारी आबा, गुडघे डॅशबोर्डला टेकवून. मागे मधोमध आई, तिच्या एका बाजूला राजेंची बायको आणि दुसऱ्या बाजूला थोरली. राजे हे काही खरं नाव नव्हे. शेंडेफळ म्हणून लाडात वाढला, हाक मारल्यावर तिसऱ्यांदा उठायचा, म्हणून थोरलीनेच लहानपणी चिडून ठेवलेलं नाव. ते त्याला इतकं आवडलं की पुढे त्याने तेच चालवलं.

थोरलीला दुसऱ्याच्या गाडीत मागे बसणं म्हणजे शिक्षा. पायाखाली पेडल नसताना ती दर वळणाला ब्रेक दाबत होती.

"आता मार की ब्रेक," ती म्हणाली.

"ताई, गाडी मी चालवतोय."

"तेच तर बघतेय मघापासून."

"झालं सुरू," आबा पुढे बघतच म्हणाले. "अजून गाडी बघितली पण नाही आणि यांचं सुरू."

आई काहीच बोलली नाही. ती निघाल्यापासून काही बोललेली नव्हती, आणि आईचं न बोलणं हे या घरात वादळाआधीचं लक्षण धरलं जाई. पण थोरलीचं डोकं त्या दिवशी पिकअपमध्ये इतकं गुंतलेलं की शेजारी बसलेली आई तिला दिसलीच नाही. पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

आता या घराचा धंदा. पाण्यातल्या बोटी धक्क्याच्या उतारावरून वर ओढायच्या, ट्रेलरवर आवळून बांधायच्या, दुरुस्तीच्या शेडपर्यंत न्यायच्या आणि नीट झाल्या की पुन्हा नेऊन पाण्यात सोडायच्या. ट्रेलरला घरात सगळे शेपूट म्हणत. सुरुवात आबांनी केली. त्यांचे गुडघे गेले तेव्हा थोरली स्टिअरिंगवर बसली, तात्पुरती म्हणून. ते तात्पुरतं इतकं लांबलं की धक्क्यावरचे लोक आता बोटीला काही झालं की "बाईंना बोलवा" म्हणत. राजेंकडे शेडची कचेरी होती, गिऱ्हाइकं होती, फोन होता. बोलायचं काम त्यांचं आणि ओढायचं हिचं. थोरलीचा नवरा शाळेत गणित शिकवायचा. त्याला गाडी चालवता येत नव्हती आणि त्याचं त्याला काही वाटतही नव्हतं, त्यामुळे या बाबतीत तो सुखी होता.

मागच्या महिन्यात जुन्या पिकअपचा ब्रेक पाइप फुटला. नको तिथेच फुटला, उतारावर. शेपटीवर बोट, बोटीच्या पोटात पाणी, खाली शेवाळ, आबा आणि मदतनीस खाली उतरून काठावर. गाडी मागे घसरत घसरत थेट पाण्यात गेली. थोरली खिडकीतून बाहेर निघाली, पोहत काठाला लागली, आणि ठसका थांबल्याबरोबर आधी पाइपला आणि मग गाडीला शिव्या घातल्या. पिकअप भंगारात गेली. थोरलीला कोपरावर खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. त्यानंतर घरात त्या गोष्टीचं कोणी नाव काढलं नव्हतं. थोरलीला वाटलं, विषय संपला.

काम मात्र अडलं होतं. हंगाम तोंडावर, धक्क्याचा मुकादम रोज फोन करायचा, बाई, गाडी कधी येतेय ते सांगा, नाहीतर मला दुसरं बघावं लागेल. म्हणून ही वरात सेकंडहँड पिकअप बघायला निघाली होती. मोठी वस्तू घ्यायची तर घरातल्या सगळ्यांनी जायचं, हा आबांचा नियम. शिवणाचं मशीन घेतानासुद्धा सगळे गेले होते, आणि तेव्हाही भांडूनच परत आले होते.

बंद पडलेल्या एका कारखान्याच्या मागे मोकळ्या मैदानात दलालाने गाड्या लावल्या होत्या. धुतलेल्या, पुसलेल्या, टायरांना काळं पॉलिश. दलाल हातात किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत आला आणि सरळ राजेंच्या खांद्यावर हात टाकला. म्हणजे राजे आधी येऊन गेले होते. थोरलीच्या ते लक्षात आलं, पण तिने मनावर घेतलं नाही. फोन करणं आणि येऊन जाणं हे त्याचंच काम.

"या, या आबा! तुमची गाडी तयार ठेवलीय," दलाल म्हणाला. "एकहाती वापरलेली. लोणी आहे लोणी."

"लोणी नकोय," थोरली म्हणाली. "बोट ओढायचीय."

"ओढेल की बाई! घर बांधा मागे, घर ओढेल."

पांढरी पिकअप. मागे डबल टायर, मोठं डिझेल इंजिन, उंच बॉनेट. थोरलीने आधी बॉनेटवर पालथा हात ठेवला. गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी चालू करून गरम करून ठेवली, तर थंड इंजिनचं रडगाणं ऐकू येत नाही, आणि दलाल लोक हमखास ते करतात. बॉनेट गार होतं. तिने चावी फिरवायला लावली. पहिल्या फटक्यात चालू, थोडा धूर, मग तोही गेला. तिने पुठ्ठा मागून घेतला आणि गाडीखाली शिरली.

"अगं, कपडे," आई म्हणाली. त्या दिवसातला आईचा पहिला शब्द.

खाली हुकाचे बोल्ट मूळचे होते, वेल्डिंगचं ठिगळ कुठे नव्हतं. चॅसी सरळ. ब्रेकचे पाइप तिने बोटांनी चाचपत चाचपत इकडून तिकडे बघितले. नवे होते. ती बाहेर आली तेव्हा राजे दाराच्या खांबावरची वजनाच्या आकड्यांची पट्टी आबांना वाचून दाखवत होते. केवढं ओढते बघा, केवढं!

"ओढायचा आकडा नको सांगूस, पाठीवर घ्यायचा सांग," थोरली कपडे झटकत म्हणाली. "शेपटीचा भार हुकावर येतो. वर डिझेल, माणसं, साखळ्या. ओढता ओढता मागची बाजू बसली तर पुढची चाकं अधांतरी."

"तोही भरपूर आहे, ताई. मी बघितलाय. मला पण कळतं थोडंफार."

तिने स्वतः वाचला. खरंच भरपूर होता. गाडीला नाव ठेवायला जागा नव्हती, आणि ती राजेंनी शोधलेली होती, हे थोरलीला जरा झोंबलंच. पण खोटं बोलण्यातली ती नव्हती.

"चांगली आहे," ती म्हणाली.

"बघा!" राजे आबांकडे वळले. चेहऱ्यावर अगदी शाळेत बक्षीस मिळाल्यासारखा आनंद. "ताई चांगली म्हणाली म्हणजे बघा!"

तिलाही हसू आलं. तेवढ्या एका क्षणापुरतं त्या मैदानात सगळं ठीक होतं. मग ती पायरीवर पाय देऊन चढली आणि सीटवर बसली.

पाय पोचेनात.

थोरली उंचीला आईवर गेलेली. आबा आणि राजे दोघे ताडमाड. तिने सीटखाली हात घालून सीट पुढे सरकवायची दांडी शोधली. दांडी नव्हती. मुळात सीटखाली रूळच नव्हते. सीट थेट जमिनीला बोल्टने आवळलेली होती, मागे, जिथवर जाईल तिथवर. क्लच दाबायला ती सीटच्या कडेला आली तर पाठ हवेत आणि हनुवटी स्टिअरिंगवर.

"ही सीट सरकत नाही," ती म्हणाली.

"आधीचा मालक उंच होता ना बाई, वर पाठीचं दुखणं," दलाल पुढे झाला. "सारखी सरकते म्हणून त्याने पक्की करून टाकली. त्यात काय एवढं! रूळ पडलेत माझ्याकडे दुसऱ्या गाडीचे. आत्ता पोराला सांगतो, चहा होईपर्यंत बसवून देईल."

"सांगा मग."

आणि राजे बोलले. सहज बोलले, खिशातून फोन काढता काढता, तोंडातून निसटावं तसं.

"राहू दे हो, कशाला उगाच? बसणाऱ्याला बरोबर आहे."

थोरली दार उघडं टाकून तशीच बसून राहिली. बसणाऱ्याला. बसणारीला नव्हे. त्या घरात गाडीत बसणारी एकच होती, आणि ती आत्ता या सीटच्या टोकाला लोंबकळत होती.

"कोणाला?" तिने विचारलं.

"काय कोणाला?"

"बसणाऱ्याला म्हणालास. कोण बसणारा?"

राजेंनी आबांकडे बघितलं. आबांनी टायरकडे बघितलं. दलाल जाणता माणूस, तो "चहाचं बघतो" म्हणत तिथून सटकला.

"राजे, मी विचारतेय. कोण बसणारा?"

"ताई, हे बघ, आपण घरी जाऊन शांतपणे बोलू."

"घरी नाही. इथे. आत्ता."

ती खाली उतरली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि राग आला की थोरलीचा आवाज वाढत नसे, उलट खाली जाई. आबांना ते ठाऊक होतं. त्यांनी हातातली काठी या हातातून त्या हातात घेतली.

"हिचा भाऊ," राजे शेवटी म्हणाले आणि हनुवटीने बायकोकडे खूण केली. "तो टँकर चालवतो. सध्या मोकळा आहे. उंचापुरा आहे, हात चांगला आहे त्याचा. गाडीवर तो बसेल. तू आता कचेरीत ये, ताई. माझ्याबरोबर. गिऱ्हाइकं तुला ओळखतात, फोन घे, वेळापत्रक बघ. किती वर्षं उन्हात राबणार? तुझ्याच चांगल्यासाठी..."

"माझ्या चांगल्यासाठी!" थोरली म्हणाली. "मला माहीत नसलेलं माझं चांगलं तुम्ही बाहेर ठरवून आलात! मुकादमाला सांगितलंस?"

राजेंनी फोन परत खिशात घातला.

"म्हणजे त्यालाही सांगितलंस. धक्क्यावर सगळ्यांना माहीत आहे, आणि मी मूर्खासारखी पुठ्ठा घेऊन गाडीखाली लोळतेय! पाइप चाचपतेय! कोणासाठी? तुझ्या मेव्हण्यासाठी?"

"माझ्या भावाला विचारलंत तुम्ही?"

हा आवाज भावजयीचा होता. सगळे वळले. ती एरवी सासरच्या भांडणात पडत नसे, माहेरी जाऊन सगळं सांगत असे.

"विचारणारच होतो," राजे म्हणाले.

"म्हणजे विचारलं नाही. आणि आबांना काय सांगितलंत? तो तयार आहे म्हणून?" ती नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. "अहो, त्याला पाणी बघितलं की चक्कर येते! आपल्या लग्नानंतर सगळे होडीतून फिरायला गेलो होतो, तेव्हा तो काठावर बसून राहिला होता. विसरलात? तुम्हीच हसला होतात सगळ्यात जास्त. तो उतारावर गाडी मागे घेणार? आणि ताईंना हे माझ्या भावाचं नाव पुढे करून सांगताय? उद्या सगळे म्हणतील, हिने घर फोडलं, भावाला आणून बसवलं!"

"तू मध्ये नको बोलूस."

"मध्ये मला तुम्ही आणलंत!"

आबांनी काठी जमिनीवर आपटली. "पुरे! कोणी कोणाचं नाव पुढे करू नका. मी ठरवलंय. राजेने गाडी शोधली, माणूस शोधला, पण ठरवलं मी. ती आता गाडीवर बसणार नाही. विषय संपला."

थोरली बापाकडे बघत राहिली. गाडी मागे कशी घ्यायची ते तिला याच माणसाने शिकवलं होतं. शेपूट डावीकडे न्यायची तर स्टिअरिंग उजवीकडे, हे डोक्यात शिरेना तेव्हा याच माणसाने हातातला डबा फेकून दिला होता आणि मग स्वतःच उचलून आणून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं होतं. तिचे डोळे भरून आले, आणि ते भरले म्हणून तिला अजूनच राग आला.

"मी काय केलं, आबा? पाइप मी फोडला? मी सांगत नव्हते, पाइप बदलू या, पाइप बदलू या? पुढच्या महिन्यात बघू, कोण म्हणालं होतं? तुम्ही! आणि शिक्षा मला? अपघात तुमच्या चालढकलीचा आणि काम माझं जाणार? गुडघ्यांपायी तुमचं गाडी चालवणं सुटलं तेव्हा मी तुम्हाला कचेरीत बसवलं होतं? रोज सकाळी तुम्हाला शेजारी घेऊन जात होते मी, तुम्हाला करमत नाही म्हणून! तेव्हा कोणी मला म्हणालं का, तू तुझ्या चांगल्यासाठी..."

"त्यांना नको बोलूस."

आई.

"का नको? त्यांनी ठरवलंय ना?"

"त्यांनी नाही ठरवलं. मी ठरवलं." आई दोन्ही हातांनी पर्स पोटाशी धरून उभी होती. "ते नाहीच म्हणत होते. भांडले माझ्याशी. मी सांगितलं, ती परत त्या गाडीत बसली तर मी या घरात राहणार नाही. म्हणून ते गप्प बसले. आणि राजेला माणूस बघायला मी सांगितलं. आता ओरड माझ्यावर."

आबांनी मान खाली घातली. बायकोचा दोष इतके दिवस स्वतःच्या अंगावर घेऊन फिरत होते, आणि तो असा भर मैदानात काढून घेतल्यावर त्यांना एकदम उघडं पडल्यासारखं झालं.

थोरलीला ओरडता येईना. बापावर ओरडायची तिला सवय होती. त्यांचं नातंच ओरडण्याचं होतं. आईशी तिचं भांडण असं कधी झालंच नव्हतं. आई धक्क्यावर येत नसे, गाडीत बसत नसे, तेलकट कपडे वेगळे भिजव एवढंच सांगत असे. थोरलीला वाटायचं, आईला आपल्या कामातलं काही कळत नाही आणि काही घेणंही नाही.

"तू?" ती म्हणाली. "तू गाडीत एकदा तरी बसलीस का गं? उतार बघितलास कधी? मी काय करते ते तुला माहीत तरी आहे? आणि तू ठरवतेस?"

"हो, मी ठरवते. मी आई आहे."

"मग मी कोण आहे? माझं वय काय आहे, आई? माझा मुलगा माझ्या खांद्याच्या वर गेलाय!"

"म्हणून तर! त्याला आई नको?"

हे लागलं. थोरली मागे वळली आणि दलालाच्या टपरीवजा कचेरीत घुसली. तो चहाचे पेले मांडत होता. तिने न विचारता त्याच्या खुर्चीवरची गादी उचलली, बाकावरची दुसरी उचलली, आणि बाहेर येऊन दोन्ही पिकअपच्या सीटवर पाठीमागे कोंबल्या.

"त्या तिथे भंगाराने भरलेला ट्रेलर आहे ना," ती दलालाला म्हणाली. "हुकाला लावा."

"बाई, चालवून बघायची तर अशीच बघा. वजन कशाला?"

"गिऱ्हाईक आहे मी. लावा."

राजे धावले. "ताई, काय तमाशा लावलायस! अशा गाद्या लावून चालवतात का?"

"मला पाय पोचतात. तुझ्या बसणाऱ्याला सांग तसं."

ट्रेलर लागला. साखळ्या तिने स्वतः लावल्या, ओढून बघितल्या. मैदानाच्या टोकाला कारखान्यात माल चढवायचा जुना सिमेंटचा उतार होता, बऱ्यापैकी उभा. ती तिकडेच बघत होती. आबांना कळलं. "अगं..." एवढंच ते म्हणाले आणि थांबले, कारण पिकअपचं पलीकडचं दार उघडं होतं आणि त्यांची बायको त्यात चढायची धडपड करत होती.

पायरी उंच. आईचा पाय पोचेना. भावजयीने खालून आधार दिला. आबा हात द्यायला पुढे झाले तर आईने तो झिडकारला.

"आई, खाली उतर," थोरली म्हणाली.

"चल."

"हे बघ, मला आत्ता तुझ्याशी..."

"मी उतार बघितलेला नाही म्हणालीस ना? दाखव."

थोरलीने दात खाऊन गिअर टाकला.

गाडी हलली. मागे लोखंड खडखडलं आणि आईने डोळे मिटले. थोरलीने उताराला वळसा घातला, सरळ केली आणि वर घेतली. इंजिनचा आवाज घट्ट झाला, पण गाडी रडली नाही. अर्ध्यावर तिने मुद्दाम ब्रेक लावला. सगळं वजन मागे, पुढे नुसतं आभाळ. हँडब्रेक ओढला आणि पाय काढून घेतले.

"उघड डोळे," ती म्हणाली. "इथेच होते मी त्या दिवशी. अशीच. बघ."

आईने डोळे उघडले. मागच्या काचेतून खाली बघितलं.

"देवा रे," ती म्हणाली. मग म्हणाली, "आणि मागे पाणी."

"हो. मागे पाणी."

"आणि तू इथे एकटी."

"आई, हे माझं काम आहे. मला दुसरं काही येत नाही, आणि मला दुसरं काही नकोय. गाडी चांगली आहे. पाइप नवे आहेत. बघ, थांबलीय ना? तसूभर तरी सरकली का? तू माझं हे काढून घेतलंस तर मी त्या कचेरीत बसून कुजेन. आणि मी तुला माफ करणार नाही. खरंच सांगते. नाही करणार."

आई मागच्या काचेतून खालीच बघत राहिली. थोरलीने थांबून वाट बघितली, मग रागातच आरशात बघून ट्रेलर मागे घ्यायला सुरुवात केली, इंच इंच करत. शेपूट सरळ रेषेत खाली उतरली. मैदानात सगळे हातावर हात ठेवून उभे होते. एकटे आबा, स्वतःच्या नकळत, हवेत हात हलवून तिला डावीकडे, थोडं डावीकडे, बस बस, असं सांगत होते.

तिने गाडी उभी केली. राजे दारापाशी आले. आता चेहऱ्यावर बक्षीस वगैरे काही उरलं नव्हतं.

"आई, ये खाली. झालं ना बघून?" ते म्हणाले.

"मी नाही उतरत," आई म्हणाली.

"म्हणजे?"

"ती गाडीवर बसणार. आणि मी इथे, शेजारी. रोज."

मग सगळे एकदम बोलायला लागले. भावजय म्हणाली, अहो आई, तुमची तब्येत. राजे म्हणाले, ती मदतनिसाची जागा आहे, त्याला साखळ्या लावाव्या लागतात. "मग शिकेन," आई म्हणाली. आबांनी काठीवर भार देत विचारलं, "आणि माझं जेवण?"

"तुम्हाला दोन हात आहेत. आणि राजे आहेत की कचेरीत, फोन करा त्यांना."

थोरली सगळ्यात जास्त भडकली होती. तिला गाडी हवी होती, आई नको होती. दिवसभर या केबिनमध्ये, दर वळणाला देवा रे, दर ब्रेकला देवा रे! "मला नकोयस तू इथे," ती म्हणाली. "कळतंय का? मला काम करता येणार नाही. माझा जीव खाशील तू."

"मला तरी कुठे यायचंय?" आई तिच्याकडे वळली. आवाज पहिल्यांदाच फुटला. "त्या दिवशी मी घरी भाजी निवडत होते. पोर पाण्यात गेली, बाहेर आली, कपडे बदलून चहा पिऊन झाली, आणि मग शेजारीण येऊन मला सांगते, अहो ऐकलं का! तोवर मी भाजी निवडत होते गं! गाणं म्हणत होते! धक्क्यावरच्या मुकादमाला माहीत, चहावाल्याला माहीत, आणि मला नाही. तुम्ही दोघं बापलेक घरी आलात आणि जेवायला वाढ म्हणालात. रोज रात्री मी तीच भाजी निवडते. आता जे काय व्हायचं ते माझ्यासमोर होऊ दे. बुडालीस तर मला मागाहून कोणी सांगायला नको."

थोरलीला हुंदका आला तो तिने गिळला, आणि गिळताना पुन्हा राग आला, कोणाचा ते आता तिलाही सांगता आलं नसतं. तिने वाकून आईच्या अंगावरून हात नेला, पट्टा खसकन ओढला आणि खटकन लावला.

"पट्टा आधी लावायचा," ती म्हणाली. "चढल्याबरोबर. मी सांगायची वाट बघायची नाही."

"बरं," आई म्हणाली.